लाल दिव्यावरची टिकली

गाडीत स्टिअरिंगच्या पुढे जी काट्यांची पाटी असते, तिच्यावर बॅटरीचं चित्र असलेला एक छोटा लाल दिवा असतो. मी त्या दिव्यावर टिकली चिकटवली होती. मरून रंगाची, चांगली ठसठशीत.

पोरवय होतं म्हणून सुटका करून घ्यावी, तर तीही सोय नाही. पन्नाशी उलटून गेली होती. घरात सून आली होती, गुडघे बोलायला लागले होते, आणि गावातल्या बायका अडलं-नडलं विचारायला माझ्याकडे येत होत्या. मी त्यांना मोठ्या तोऱ्यात सल्ले देत होते. त्यातली एखादी तेव्हा गाडीत डोकावली असती, तर तिला कळलं असतं की ही शहाणी बाई दुखणं दिसू नये म्हणून दुखण्यावरच टिकली लावते.

त्याचं असं झालं. माझ्या धाकट्या जावेच्या दोन्ही किडन्या गेल्या. आधी पायांवर सूज आली, मग तोंडावर, मग अन्न नकोसं झालं. आम्ही पित्त समजत राहिलो आणि ओवा देत राहिलो. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुवावं लागेल. किती दिवस, असं दिरानं विचारलं. डॉक्टरांनी खुर्ची जरा मागे सरकवली. दीर समजला. मी समजले नाही. मी बाहेर आल्यावर जावेला सांगितलं, दोनतीन महिन्यांत ठणठणीत होशील. जाऊ माझ्याकडे बघत राहिली. तिला माझ्यापेक्षा अक्कल जास्त होती, हे मी तिच्या हयातीत कधी कबूल केलं नाही.

आमचं गाव पुलगावजवळ, पण रेल्वे लाइनीच्या पलीकडे. वर्ध्याला जायचं तर फाटक ओलांडूनच जावं लागतं. घरात भाजीपाल्याची शेती. वांगी, मेथी, पालक, सांबार. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. सकाळी भाजी तोडायची, धुवायची, जुड्या बांधायच्या, बाजारात पोचवायची. दिराला त्यातून हलता येत नव्हतं. आमच्या ह्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. समोरून येणारा ट्रक त्यांना म्हैस वाटायचा. मुलगा नागपूरला नोकरीवर. बस होती, पण मशीनवरून उतरलेल्या बाईला बसमध्ये उभं राहता येत नाही. तिला चारचाकीत आडवंच करावं लागतं.

घरी भाजी नेण्याची जुनी व्हॅन होती. मी म्हटलं, मी चालवते.

घरात हसण्याची अशी लाट मी पूर्वी पाहिली नव्हती. हे म्हणाले, तुला शिलाई मशीनचा पाय नीट मारता येत नाही. मी ऐकलं नाही. पुलगावात जाऊन शिकले. शिकवणारा माणूस रोज घामाघूम व्हायचा, पण मला लायसन मिळालं. पहिल्यांदा मी व्हॅन काढली तेव्हा दीर रस्त्यातल्या कोंबड्या हाकलत पुढे पळत होता. त्या गाडीवर माझा जीव जडला तो असा. साऱ्या जन्मात माझ्या हातात आलेली, मी म्हणेन तिकडे वळणारी ती पहिली वस्तू. नवरासुद्धा तसा वळला नव्हता.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. झेंडूचा हार, समोर हळदीकुंकू, चाकाखाली लिंबू. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो लाल दिवा लागायला लागला. खरं तर किल्ली फिरवली की तो लागतो आणि गाडी सुरू झाली की विझतो. तसा तो विझायलाच हवा. आमचा विझेना. आधी नुसता लाजल्यासारखा, अंधुक. रेस द्यायला पाय दाबला की जरा जाई, पाय सोडला की परत येई.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? घरी सांगितलं असतं. पण सांगितलं की हे म्हणणार, बाईच्या हातात दिली आणि बिघडवली. मग दीर म्हणणार, वहिनी, राहू द्या, मी पाहतो. आणि दोन दिवसांत किल्ली माझ्या कमरेवरून त्याच्या खिशात. म्हणून मी टिकली लावली. दसऱ्याचं कुंकू समोर होतंच, त्यात एक टिकली कुणाच्या डोळ्यावर येणार? ह्यांनी पाहिली, तर हसून म्हणाले, गाडीले सवाष्ण केलं का काय. मीही हसले. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

दिवा झाकला म्हणून गाडी थोडीच गप्प बसते. थंडी सुरू झाली तशी ती सकाळी सुरू होताना किंचाळायला लागली; बोनेटखालून पट्टा घसरल्याचा आवाज, शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा. मी म्हटलं, थंडीनं होतं. हॉर्न घोगरा झाला. मी म्हटलं, धुळीनं होतं. फाटकाशी गाडी उभी असली की समोरच्या दिव्यांचा उजेड पिवळा पडे, आणि निघालो की परत पांढरा होई. मी म्हटलं, माझ्याच डोळ्यांत ह्यांच्यासारखं काही सुरू झालं असेल. वळताना टिकटिकणारा दिवा इतका सावकाश टिकटिकायचा की वळण होऊन जाई तरी त्याचं मोजणं चालूच. सगळी लक्षणं माझ्यासमोर ओळीनं येऊन बसली होती, आणि मी प्रत्येकीला चहा पाजून वाटेला लावत होते.

मागच्या सीटवर जाऊ पडलेली असायची. तिला सगळं ऐकू यायचं. एकदा म्हणाली, “बाई, तुमची गाडी माह्यासारखीच झाली. सकायी उठाले मांगत नाई, अन् उठली तं कण्हते.”

मी तिला रागावले. म्हटलं, गाडीला काही झालेलं नाही आणि तुलाही नाही.

ती हसली. पाणी पिणं बंद होतं तिचं. दिवसाला मोजून एवढंसं भांडं, त्यात औषधांच्या गोळ्याही घ्यायच्या. ओठ नेहमी फाटलेले, त्यामुळे हसताना रक्त यायचं. ते पाण्याचं भांडं माझ्या ताब्यात होतं. तीस वर्षं आम्ही दोघी एका चुलीवर भांडलो. फोडणीत तिखट किती, दुधाची साय कुणाला, सासूच्या पाटल्या कुणाला. शेवटी मी जिंकले ते अशा रीतीनं, की तिचं पाणी माझ्या हातात आलं. रात्रीचा माठ मी माझ्या खोलीत ठेवायची. एकदा पहाटे ती न्हाणीतल्या बादलीत ओंजळ घालताना सापडली. मी ओंजळ सोडवली. तिनं बोटं घट्ट मिटून धरली होती, मला ती एकेक उघडावी लागली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जास्तीचं पाणी छातीत साचेल, आणि मग श्वास घेता येणार नाही. मी तिचा जीव वाचवत होते. तेव्हा मला तसं वाटत होतं. आताही वाटतं, बहुतेक.

दिवाळीनंतर एका सकाळी व्हॅन उठलीच नाही. किल्ली फिरवली की नुसतं टक्. दिरानं आणि मेथी तोडायला आलेल्या बायांनी धक्का मारला, तेव्हा सुरू झाली. त्या दिवशी जावेला पोचायला उशीर झाला, पण मशीन मिळालं. परतीच्या वाटेवर मी पुलगावात बॅटरीच्या दुकानात गेले. दुकानदारानं बॅटरी पाहिली, म्हणाला जुनी झाली, बदला. मग बॅटरी उचलता उचलता सहज विचारलं, “समोर लाल दिवा लागते का वो, गाडी चालू असतानी?”

मी म्हटलं, नाही.

असं साधं, चटकन. मागे जाऊ झोपली होती, निदान डोळे मिटून होती. त्या माणसानं पाटीकडे पाहिलं असतं तर टिकली दिसली असती. पण एका बाईच्या गाडीतल्या टिकलीकडे कोण निरखून पाहतो? त्यानं नवी बॅटरी बसवली आणि मी घरी आले.

गाडीत काय बिघडलं होतं आणि मी काय बदललं, हे मला फार उशिरा कळलं. पण कळलं ते आमच्याच भाषेत कळलं. बॅटरी म्हणजे शेतातली पाण्याची टाकी. गाडी सुरू करायला, दिवे लावायला त्या टाकीतलं पाणी लागतं. इंजिन चालू झालं की पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर, म्हणजे जुने लोक ज्याला डायनामो म्हणत तो, टाकी परत भरतो. तो विहिरीवरचा पंप. आमचा पंप मरत होता. कधी चालायचा, कधी नाही. लाल दिवा तेच तर सांगत होता. मी पंप तसाच ठेवला आणि टाकी नवी आणली. नवी टाकी काही दिवस पुरली, आणि तेवढे दिवस मी घरभर सांगत फिरले की बघा, बाईनं गाडी कशी ठीक केली.

डिसेंबरातली गोष्ट. शनिवारी जावेची मशीनवरची पाळी होती. ती उठली नाही. अंगात कणकण आहे म्हणाली, भिंतीकडे तोंड करून पांघरूण डोक्यावर घेतलं. मी कपाळाला हात लावला. ताप लागला नाही हाताला. पण ती म्हणाली आत आहे. दीर म्हणाला एक दिवस राहू दे. मीही म्हटलं राहू दे. असं एक दिवस सोडणं किती महागात पडतं, ते आम्हाला पुढच्या दोन रात्रींत दिसलं. सोमवारी संध्याकाळपर्यंत ती भिंतीला टेकून बसलेली, आडवं होता येईना. पाय असे सुजले की बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. बोलताना मधे मधे थांबून श्वास घ्यायची. मंगळवारी सकाळची पहिली पाळी होती. दवाखान्यात फोन केला, तर ते म्हणाले उद्या चुकवू नका, काहीही करा.

मंगळवारी धुकं होतं. आमच्याकडे असं धुकं वर्षातून चारदोनदाच पडतं, पण पडलं की पांदीच्या वाटेवरचा बैल मालकाला दिसत नाही. मी जावेला मागे उशांना टेकवून बसवलं, दिरानं दार लावलं. तो म्हणाला मी येतो. मी म्हटलं, टमाटे कोण पोचवणार? मी आहे ना. व्हॅन किंचाळत सुरू झाली. मी समोरचे दिवे लावले, काच पुसायचे हात चालू केले, काचेवर वाफ धरू नये म्हणून पंखा लावला. आणि जावेच्या मनाला बरं वाटावं म्हणून देवाची गाणी लावली. एका मरत्या पंपावर मी अख्खं गाव पाणी पीत बसवलं होतं.

फाटक बंद होतं.

आमच्याकडे फाटकाशी गाडी बंद करायची पद्धत आहे. रिक्षावाले, ट्रॅक्टरवाले, मोटारसायकलवाले, सगळे चटाचट इंजिन बंद करतात. जो चालू ठेवतो तो उधळ्या. मी तर शिकाऊ असल्यापासून ते इतकं पाळलेलं, की फाटकाचा खांब दिसला की हात आपोआप किल्लीकडे जाई. मी इंजिन बंद केलं. दिवे चालूच. गाणी चालूच. धुक्यात मागून कुणी येऊन धडकू नये, म्हणून दिवे ठेवले हे निदान अकलेचं होतं.

आधी एक मालगाडी गेली, कोळशाची. डबे दिसत नव्हते, नुसता आवाज जात होता. ती गेली तरी फाटक उघडेना. दुसऱ्या बाजूनं दुसरी येत होती. जावेचा श्वास मागून ऐकू येत होता. ओल्या कपड्यानं फरशी पुसावी तसा. मी आरशात पाहिलं, तर ती खिडकीची काच खाली करून बाहेर बघत होती. बाहेर काही दिसतच नव्हतं. मी म्हटलं, काच लाव, गार वारा लागेल. तिनं लावली नाही.

मग देवाची गाणी बंद पडली. मला वाटलं, देव दमला.

फाटक उघडलं. मी किल्ली फिरवली. टक्. परत फिरवली. आता टक् सुद्धा नाही. मागून हॉर्न सुरू झाले. कुणीतरी काचेवर थाप मारून विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, काही नाही. काही नाही, असं मी निदान चारदा म्हटलं असेल. शेवटी मागच्या टेम्पोतून कापूस वेचायला चाललेल्या बाया उतरल्या, पदर खोचून त्यांनी व्हॅन ढकलली. दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि गाडी ओकारी आल्यासारखी खोकून सुरू झाली. मी त्यांना धन्यवादसुद्धा म्हटलं नाही. थांबायची हिंमत नव्हती.

आज मला कुणी विचारलं तर मी सांगेन: असा लाल दिवा लागून राहिला तर आधी पट्टा बघ, तुटला किंवा सैल झाला का. वाटेत असशील तर गाणी, पंखा, जे जे बंद करता येईल ते बंद कर, इंजिन मात्र बंद करू नको, आणि जे पहिलं गॅरेज दिसेल तिथे जाऊन थांब. नातीला तर मी हे इतक्या वेळा सांगितलं आहे की ती माझ्या आधी शेवट म्हणते. पण त्या दिवशी गाडी चालवत होती ती मी नव्हते, ती टिकलीवाली बाई होती. तिनं पंखाही चालू ठेवला, आणि पुलगावातून गाडी दुरुस्तीच्या दुकानांच्या ओळीसमोरूनच पुढे नेली. एक दुकान उघडत होतं, झाडू मारणं चालू होतं. मी पाहिलं. मनात आलं, थांबलो तर पाळी जाईल. वर्धा काही फार लांब नाही.

पुलगावच्या लष्करी डेपोच्या एका मोठ्या ट्रकमागे मी गाडी घातली आणि त्याचे मागचे लाल दिवे धरून चालले. आमचे दिवे पिवळे, मग मेणबत्तीसारखे, मग नसल्यासारखे. काच पुसणारे हात अर्ध्यात थांबले. जाऊ उशांवरून पुढे सरकली आणि माझ्या खांद्यावरून हात घालून आतून पदरानं काच पुसायला लागली. श्वास नाही अंगात, पण काच पुसत होती. मशीनच्या सुया टोचायला ऑपरेशन करून जोडलेली तिच्या मनगटाजवळची शीर माझ्या कानाला लागत होती; आत सारखी घरघर. मी म्हटलं, पड मागे. ती पडली.

देवळी मागे टाकली आणि गाडी गचके द्यायला लागली. एक, दोन, मग सगळं थंड. मी उतारानं बाजूला घेतली. इकडे तुरीचं शेत, तिकडे तुरीचं शेत, वर काही नाही.

दिराला फोन लावला. उचलला नाही, भाजी धुण्याच्या पंपाजवळ ऐकूच येत नसेल. ह्यांना लावला, ते म्हणाले थांबा, कुणाला तरी पाठवतो. कुणाला ते त्यांनाही माहीत नव्हतं. एकशे आठला लावला, ते म्हणाले गाडी निघते आहे, धुकं आहे, वेळ लागेल. मी रस्त्यावर येरझाऱ्या घालत होते. गाड्या जवळ येईपर्यंत दिसत नव्हत्या आणि दिसल्या की निघून गेलेल्या असत.

मी परत व्हॅनशी आले तर जावेनं सरकतं दार उघडून पाय बाहेर सोडले होते. ओठ निळसर. पण चेहरा शांत. ती शेताकडे बघत होती. शेंगा धरलेल्या होत्या, दवानं भिजून वाकलेल्या.

“बसा ना बाई थोडं,” म्हणाली. “कायले धावून राह्यल्या.”

मी म्हटलं, पाळी गेली तर?

“घरी जाऊ ना,” ती म्हणाली.

मला वाटलं, श्वास कमी पडतो आहे, काहीबाही बोलते आहे. मग तिनं पाणी मागितलं. सीटखाली बाटली होती. मी नाही म्हटलं. परत मागितलं नाही तिनं. खाली वाकून तुरीची फांदी ओढली आणि ओला पाला तोंडावरून फिरवला. मी तेही हातातून काढून घेतलं.

त्यानंतर मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. पदर सोडून दोन्ही हातांत धरला आणि जे येईल त्याच्यासमोर हलवायला लागले. एक दुधाची गाडी अंगावर येता येता थांबली. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, “मराले आली काय वो, बुढे?” बुढी म्हणून मला हाक पडली ती जन्मात पहिल्यांदा. दुसरा दिवस असता तर मी त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली असती. मी हात जोडले. त्यानं खाली उतरून जावेकडे पाहिलं. दोघांनी तिला उचललं. म्हणजे मी पाय धरले, त्यानं खांदे. ती अंग टाकून होती. जड, पाण्यानं भरलेली. एका हातानं तिनं व्हॅनच्या दाराची कड धरली होती. मला ती बोटं सोडवावी लागली.

दुधाच्या कॅनांच्या मधे बसून, तिचं डोकं मांडीवर घेऊन आम्ही वर्ध्याच्या नालवाडी वस्तीपर्यंत आलो तेव्हा धुकं फाटत होतं. दवाखान्यात तिची पाळी दुसऱ्याला दिलेली होती. पण तिला पाहिल्यावर पाळी वगैरे कुणी बोललं नाही. आत नेलं, तोंडावर ऑक्सिजन लावला, मशीन दुपारी मिळालं. छातीत पाणी भरलं होतं. कितीतरी दिवस ती काचेच्या खोलीत होती. घरी आली ती कमी होऊन आली. आधी ती आंगणात बसून वांगी निवडायची, लेकरांना टोमणे मारायची. आता ती खाटेवर बसायची, आणि बसूनच असायची. डॉक्टर म्हणाले, हृदयावर ताण पडला.

व्हॅन ओढून आणावी लागली, आणि जाऊ घरी येईपर्यंत ती तशीच पडून होती. पुलगावातल्या गाडीच्या इलेक्ट्रिकवाल्यानं अल्टरनेटर खोलला. आत कार्बनचे दोन लहान तुकडे असतात. घासून घासून नखाएवढे उरले होते, एक तर नव्हताच. पट्टा सैल. काम तासादोन तासाचं. त्यानं काट्याचं यंत्र लावून दाखवलं, गाडी चालू असताना काटा चौदा व्होल्टच्या आसपास यायला पाहिजे, आता येतो, आधी बाराच्याही खाली होता. मग म्हणाला, दिवा तं लागत असंल पहिल्यापासून. हे शेजारी उभे होते. मधल्या दिवसांत मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन त्यांना आता सगळं स्वच्छ दिसत होतं. त्यांनी आत वाकून नखानं टिकली खरवडली. बोटावर घेऊन पाहिली. मला वाटत होतं, ओरडावं त्यांनी. किल्ली काढून घ्यावी. त्यांनी टिकली दुकानातल्या लोखंडाच्या ढिगावर टाकली आणि किल्ली माझ्याच हातात दिली, कारण दुसऱ्या दिवशी परत पाळी होती.

त्यानंतर मी तिला नेत राहिले. उन्हाळा आला. फाटकाशी मी आता इंजिन बंद करत नसे. मागचा माणूस उधळी म्हणो की आणखी काही. ती मागे पडलेली असे, आणि मी पुढे बसून मनात शब्द जुळवत असे. मला वाटे, आपण तिला सांगून टाकावं. दिव्याचं, टिकलीचं, बॅटरीवाल्याला दिलेल्या उत्तराचं. ती रागावेल, शिव्या देईल, मग माझ्या छातीवरचं ओझं जाईल. बघा, त्यातही मला माझ्याच छातीची पडली होती.

ज्येष्ठात ती गेली. त्याच्या थोडं आधी, एका दुपारी, घरात कुणी नव्हतं. मी तिच्या खाटेपाशी बसून मेथी निवडत होते. तिनं डोळे मिटले होते. मी सगळं सांगितलं. एकही गोष्ट ठेवली नाही. माझ्यामुळे तुझी ती दशा झाली, असंही म्हटलं. मेथीची काडी पानासकट मोडत राहिले, पण वर पाहिलं नाही.

मला वाटलं, झोपली. मग डोळे न उघडताच म्हणाली:

“त्या दिवशी गाडी बंद पडली ना बाई, तं मले लय बरं वाटलं होतं. आज सुई नाई, आज त्या मशीनीची खाट नाई. त्याच्या आधीच्या शनिवारीबी मले ताप नोता. तुमी ती दुधाची गाडी थांबवली, तवा तुमचा राग आलता मले. तो अजून गेला नाई.”